उल्केवरून गेलेले गाऱ्हाणे

सर्वण येथील आमच्या सामाईक घराच्या गच्चीवर जे घडले, त्यात माझा काडीइतकाही दोष नाही.

तारखा आणि जबाबदार व्यक्ती आरंभीच नमूद करतो, म्हणजे मागाहून कोणी "आमकां कोणें सांगलें?" असे विचारायला नको. तारीख पहिली : चवथीचा दुसरा दिवस, ज्या दिवशी प्रत्यक्ष गणपतीसमक्ष करार झाला. तारीख दुसरी : डिसेंबरातील एक शनिवार, ज्या संध्याकाळी माझ्या पाठीमागे, एकमेकींपासूनही लपवून, दोन नारळ विकत घेण्यात आले. तारीख तिसरी : लगेचचा रविवार, सकाळ. जबाबदार व्यक्ती : माझा धाकटा भाऊ वसंत (डिचोली बाजारात हार्डवेअरचे दुकान), त्याची पत्नी सुलभा, माझी स्वतःची पत्नी मालिनी, माहेर मांद्रे, जिच्याकडून ही अपेक्षा नव्हती, गावात देवाला गाऱ्हाणे घालण्याचा मान असलेले पुरसोमामा, आणि एक उल्का, जिचे नाव-गाव उपलब्ध नाही व जी घटनेच्या वेळीच जळून गेल्यामुळे तिची उलटतपासणी घेता येत नाही.

मी निवृत्त हेडक्लार्क. नोकरीची शेवटची वर्षे वाळपईला काढली. निवृत्तीनंतर मला दोनच छंद उरले : अधिकाऱ्यांना पत्रे लिहिणे आणि हौशी रेडिओ. पहिल्याला उत्तर येत नाही, दुसऱ्यालाही येत नाही. (मालिनीच्या मते म्हणूनच तो एकच छंद आहे.) रेडिओचा परवाना मी रीतसर परीक्षा देऊन मिळवलेला आहे आणि त्याच्या अटी मला तोंडपाठ आहेत. घरातील इतर कोणाला त्या पाठ नाहीत, हेच ह्या प्रकरणाचे मूळ!

आता स्पर्धेचा प्रकार सांगणे भाग आहे. आकाशातून खडीएवढा दगड वातावरणात शिरला की जळतो, आणि जळताना मागे तापलेल्या वायूची एक रेघ सोडतो. ती रेघ क्षणभर आरशाचे काम करते. त्या क्षणी इथून सोडलेली रेडिओलहर तिच्यावर आपटून शेकडो मैल दूरच्या गावी उतरते. रेघ विरली की आरसा फुटला! अशा ह्या क्षणिक आरशांवरून दोन माणसांनी आळीपाळीने, एकाने बोलायचे तेव्हा दुसऱ्याने ऐकायचे अशा रीतीने, परस्परांना हाका मारायच्या. नाव पोचले पाहिजे, आवाज कसा आला त्याची प्रत पोचली पाहिजे, आणि अखेरीस 'पोचले' अशी पावती पोचली पाहिजे. त्या पावतीचा शब्द 'रॉजर'. पावती नाही तर संपर्क नाही. मध्येच दूरध्वनी करून "आले का हो?" असे विचारणे सक्त मना! डिसेंबरात उल्कांचा मोठा वर्षाव होतो, तेव्हा ही स्पर्धा असते. तिला अंधार लागत नाही, निरभ्र आकाश लागत नाही. सकाळची वेळ तर उत्तम. लागतो तो संयम, शांतता आणि गच्चीवर अँटेना. आमच्या घरी यांपैकी एकच वस्तू होती, आणि तिच्यावरही वसंताचा दावा लागलेला होता.

चवथीच्या दुसऱ्या दिवशी दुपारचे जेवण आटोपत आल्यावर वसंताने विषय काढला.

"दादा, तुजो तो बांगड्याचो कांटो केन्ना काडटलो?"

(अँटेनेला तो बांगड्याचा काटा म्हणतो. मध्ये दांडा आणि दोन्ही अंगांना आडव्या सळ्या; साम्य आहे, पण ते बोलून दाखवण्याचे कारण नाही.)

"कित्याक काडूं?"

"म्हाका थंय सोलर बसोवंक जाय. हून उदकाचो. सगळो दीस वत पडटा अशी सुवात गच्चीर तितलीच."

"ऊन कुठेही पडो, गच्ची सामाईक आहे. सहमालकाच्या संमतीवाचून त्या जागेचा उपभोग—"

"सहमालक हांव न्हू?"

"मीही आहे!"

"जाल्यार सांग. त्या कांट्यावयल्यान आजमेरेन तूं कोणाकडेन उलयला?"

हा घाव वर्मी बसला. उल्कांच्या आजवरच्या प्रत्येक स्पर्धेत माझ्या नावापुढे भोपळा होता. मी ऐकले होते, हाका मारल्या होत्या, घसा बसवून घेतला होता. पण पुरा संपर्क एकही नाही. भर पंगतीत, पाहुण्यांसमोर हा प्रश्न! मी उठलो, हात धुतले आणि तिथल्या तिथे करार सांगितला : येत्या स्पर्धेत माझा एक तरी संपर्क समितीने ग्राह्य धरला, तर अँटेना माझ्या हयातीत कोणी हलवायची नाही. न धरल्यास मी स्वतः शिडी लावून ती उतरवीन आणि त्या जागी वसंताने आपले गरम पाणी तापवावे. वसंताने गणपतीच्या पाटाला हात लावला, मीही लावला. अटींचा मसुदा संपूर्णपणे माझा होता. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे त्यातला एकेक शब्द माझ्याच गळ्यात आला.

डिसेंबर उजाडला. स्पर्धेच्या आदल्या दिवशी, शनिवारी, मी अँटेना उत्तरेकडे वळवून स्क्रू आवळत होतो. बडोद्याच्या सरपोतदारबाई, निवृत्त शिक्षिका आणि परवानाधारक, यांच्याशी सकाळची वेळ आधीच ठरवलेली होती. (आधी ठरवणे नियमात बसते. मी कलम तपासले आहे.) तेवढ्यात सुलभा कपडे वाळत घालायला वर आली आणि बादली खाली न ठेवताच उभी राहिली.

"दादानू, फाल्यां नखेत्रां तुटटलीं अशें म्हणटात तें खरें?"

"तारे नव्हेत. उल्का. आणि त्या रोजच तुटतात."

"तुटट्या नखेत्राकडेन बोट दाखोवंक फावना. पाप लागता."

"बोट कोण दाखवतो आहे?"

"तुमी तर कांठी दाखयतात! लोखणाची!"

"लोखंड नव्हे. अ‍ॅल्युमिनियम आहे."

"मागीर म्हजो मिक्सर कित्याक जळ्ळो?"

ह्या प्रश्नाला कोणत्याही कायद्यात उत्तर नाही. मी स्क्रू आवळत राहिलो. मौन ही संमती समजू नये, असे त्या वेळी स्पष्ट बोलायला हवे होते. सुलभा कपडे टाकून तशीच खाली उतरली, बाजारात गेली, नारळ घेतला आणि पुरसोमामांकडे गेली : थोरल्याची काठी घरावरून उतरू दे, असे गाऱ्हाणे घालायचे.

त्याच संध्याकाळी माझी पत्नीही नारळ घेऊन पुरसोमामांच्या दारात उभी होती : ह्यांची काठी राहू दे, असे गाऱ्हाणे घालायचे! मालिनीला माझ्या रेडिओबद्दल एकाएकी इतकी आस्था का वाटावी, हा विचार मला पुढे बरेच दिवस सुखवीत होता. अखेर मी तिला विचारले. ती म्हणाली, "तुमी वयर आसतात तेन्नाच म्हाका रांदचेकुडींत सूख मेळटा." (स्वयंपाकघरात मी फक्त सूचना करतो.)

पुरसोमामांनी दोन्ही नारळ ठेवून घेतले आणि दोघींनाही एकच वेळ दिली. रविवार सकाळ, स्थळ : गच्ची, अँटेनेखाली. एकाच घरासाठी देवाला दोनदा हाक मारणे बरे नव्हे, असे त्यांचे मत पडले. दोन्ही पक्षांकडून नारळ घ्यायला ज्याच्यावर निर्बंध नाहीत असे हे एकमेव न्यायालय गावात अजून सुरू आहे!

मला यातले काहीही ठाऊक नव्हते. रविवारी उजाडायच्या सुमारास मी गच्चीवरच्या खोलीत मेजापाशी बसलो. माझ्या रेडिओत एक सोय आहे. आपण बोलू लागलो की तो आपोआप प्रक्षेपण सुरू करतो, गप्प झालो की पुन्हा ऐकू लागतो. बटण दाबून धरायला नको. अंगठ्याच्या संधिवातामुळे मी ही सोय वापरतो. तिच्यात एकच उणीव आहे : आवाज परवानाधारकाचा की आणखी कोणाचा, हे तिला कळत नाही.

पहिला पुरावा उंडे, म्हणजे गोल पाव, विकणाऱ्या पोदेराने दिला. मी श्वास रोखून ऐकत असताना खालून त्याच्या सायकलचा भोंगा वाजला, पों पों! रेडिओवरचा लाल दिवा लागला. म्हणजे ऐकायच्या वेळात माझे यंत्र बडोद्याच्या दिशेने पों पों करीत होते. पाठोपाठ जिन्यातून मालिनीचा आवाज : "अहो, उंडे किती घेऊं?" लाल दिवा! मी संतापून ओरडलो, "चार घे आणि गप्प रहा!" लाल दिवा! भारत सरकारच्या परवान्यावर मी चार उंड्यांची मागणी अंतराळात नोंदवली होती. मी लगेच यंत्राचा कान मंद करण्यासाठी कळ फिरवली. ती मी उलटीकडे फिरवून तो कान आणखी तिखट केला, असे वसंताचे म्हणणे आहे. ते मी नाकारत नाही. फक्त मान्य करीत नाही.

आणि मग ते घडले. कोणी शेजारच्या खोलीचे दार उघडून लगेच मिटावे, तसा त्या खरखरीतून बाईंचा आवाज आला आणि गेला. माझे संकेतनाम! स्वच्छ! माझी पाळी येताच मी त्यांना आवाजाची प्रत कळवली, पुन्हा कळवली, परत परत कळवली. पुढे बराच वेळ नुसती खरखर. एवढ्यात पुन्हा ते दार उघडले : "रॉजर, रॉजर," आणि पाठोपाठ त्यांची प्रत! म्हणजे माझे त्यांना पोचले, त्यांचे मला पोचले. आता उरला होता केवळ माझा एक रॉजर. तो बडोद्याला उतरला की अँटेना आजन्म माझी!

माझी पाळी आली. मी "रॉजर, रॉजर" असा घोष लावला. थांबून ऐकले. बाई अजून प्रतच सांगत होत्या. माझी पावती पोचली नव्हती. पुन्हा माझी पाळी. मी तोंड उघडणार, तोच दाराबाहेरून, अगदी माझ्या कानामागून, गर्जना झाली :

"बा देवा म्हाराजाऽऽ!"

"व्हय म्हाराजा!"

मी धावत बाहेर आलो. (दार उघडे राहिले. मायक्रोफोन दाराच्या दिशेने होता. हे मी तपशिलासाठी सांगतो, कबुली म्हणून नव्हे.) अँटेनेखाली केळीच्या पानावर दोन नारळ, समोर पुरसोमामा, मागे हात जोडून सुलभा, मालिनी, वसंत, शेजारची चार माणसे आणि उंडे देऊन वर आलेला पोदेर!

"ह्या घरच्या थोरल्या लेकरान आकाशाक कांठी लायल्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"बंद करा!" मी ओरडलो. "आत स्पर्धा सुरू आहे! शांतता!"

वसंताने डोळे न उघडता मला सांगितले, "दादा, मदीं उलोवंक फावना." गाऱ्हाणे अर्ध्यावर तोडू नये, ही रीत मलाही ठाऊक आहे. पुरसोमामा तर माझ्याकडे वळलेसुद्धा नाहीत.

"ती कांठी वयर ऱ्हावं दी, अशें थोरले सुनेचें म्हणणें म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यात सुलभाचाही आवाज होता. आपण काय म्हणून बसलो हे कळून तिने मालिनीकडे असे पाहिले की मिक्सर कोणामुळे जळला, याचा निकाल तिथेच लागला.

"ती कांठी भुंयेर येवं दी, अशें धाकटे सुनेचें म्हणणें म्हाराजा!"

आता वाचकांनी इथे नीट लक्ष द्यावे. सर्वणात वाढलेला माणूस, मागे चार माणसे, पुढे नारळ, आणि गाऱ्हाणेकऱ्याने 'म्हाराजा' म्हणून आवाज वर चढवलेला! अशा वेळी उत्तर तोंडातून निघत नाही, बेंबीतून निघते. त्याला हेडक्लार्कची पूर्वपरवानगी लागत नाही. मी, परवानाधारक, अँटेनेचा मालक, ह्या दाव्यातला प्रतिवादी, दोन्ही हात जोडून सर्वांपेक्षा वरच्या पट्टीत ओरडलो :

"व्हय म्हाराजा!"

"दोगांयक यश दी म्हाराजा!" असे म्हणून पुरसोमामांनी नारळांना हात लावला. मी आत धावलो. लाल दिवा लागलेला होता. तो विझला, आणि रेडिओ ऐकू लागला. खरखर. बाई बोलत नव्हत्या. आता बाई थांबल्या त्या पावती पोचली म्हणून, की चहाला उठल्या म्हणून, हे ठरवायला माझ्यापाशी कोणतेही साधन नव्हते.

साधन स्वतःच चालून आले. मालिनीने आपला मोबाइल माझ्यापुढे धरला. "बडोद्याहून कोण बाई विचारतात."

"नमस्कार," पलीकडून आवाज आला, "अहो, मी म्हटलं—"

"बाई, स्पर्धेची वेळ संपलेली नाही! आपण काही बोललात तर संपर्क बाद!"

"पण मी फक्त एवढंच—"

"फक्तसुद्धा नाही!"

मी फोन बंद केला. उरलेला सबंध वेळ मी मेजापाशी बसून होतो. उंडे खाल्ले नाहीत. स्पर्धा संपताक्षणी मीच बडोद्याला फोन लावला.

"सरपोतदारबाई, माझा रॉजर पोचला का?"

"पोचला की! केवढी मोठी उल्का मिळाली हो, किती वेळ आवाज टिकला! तुमच्याकडे रॉजर सगळं घर मिळून म्हणतं का?"

"बाई, तो मी नव्हे."

"असं कसं? आवाज ओळखते मी तुमचा. आधी 'बंद करा' म्हणून ओरडलात, मग 'व्हय म्हाराजा.' सगळ्यांत वरचा सूर तुमचाच होता. मी लगेच नोंद केली. 'व्हय' म्हणजे हो, म्हणजे रॉजरच ना?"

मी नोंदवहीत वेळ लिहून घेतली.

"आणि ते महाराज कोण हो? नवीन स्टेशन आहे का?"

मी निकालपत्रकासोबत समितीला सविस्तर निवेदन धाडले. खोटे लिहिणे मला जमत नाही, आणि खरे थोडक्यात लिहिणे तर मुळीच जमत नाही. परवान्याच्या अटींनुसार त्रयस्थाचा निरोप प्रक्षेपित करता येत नाही; तेव्हा ग्रामदेवता त्रयस्थ ठरते की पक्षकार, हा प्रश्न मी सहा परिच्छेदांत उपस्थित केला. समितीचे उत्तर एका ओळीत आले : संपर्क ग्राह्य, अभिनंदन. यादीत मी शेवटचा होतो, पण होतो! माझ्या नावापुढचा भोपळा गेला होता. मी ती ओळ वसंताच्या दुकानात जाऊन, गिऱ्हाइकांसमोर, मोठ्याने वाचली.

वसंत खिळे मोजत होता. त्याने मान वर केली नाही. पण संध्याकाळी ओसरीवर सुलभाने तोंड उघडले.

"दादानू, तो 'व्हय' तुमीच म्हणिल्लो न्हू?"

"अर्थात मीच. समितीने तो माझा म्हणून स्वीकारला आहे."

"जाल्यार बरें जालें. पुरसोमामान तेन्ना किते सांगलेलें? 'कांठी भुंयेर येवं दी.' ताका तुमी व्हय म्हणलें. देवामुखार!"

ओसरीवर एकदम शांतता पसरली. गच्चीवर मला जी हवी होती, अगदी तशी. वसंताने खिशातून सोलरचे छापील माहितीपत्रक काढून माझ्यापुढे ठेवले. मी पुरसोमामांना साक्षीला बोलावले. त्यांनी विडी पेटवली आणि म्हणाले, "दादाबाब, म्हजें काम हाक मारपाचें. व्हय कोणें म्हणलें आनी कित्याक म्हणलें, तें देव पळयता."

"पण दोन्ही गाऱ्हाण्यांपैकी लागले कोणते?"

"दोनूय," पुरसोमामा म्हणाले. दोन्ही नारळांची सोलकढी त्यांच्या घरी झाली होती, हे लक्षात घेता दुसरे उत्तर त्यांना परवडणारे नव्हते.

माझी अडचण वाचकांनी समजून घ्यावी. तो उच्चार माझा मानला, तर संपर्क ग्राह्य ठरतो आणि अँटेना राहते. पण मग देवासमोर ती उतरवण्यास मी संमती दिली, हेही मान्य करावे लागते. तो उच्चार माझा नव्हे म्हटले, तर संमती गळून पडते. पण तिच्याबरोबर संपर्कही पडतो, आणि शिडी लावावी लागते. चाळीस वर्षे मी लोकांचे अर्ज ह्याच पद्धतीने फेटाळत आलो. स्वतःवर ही वेळ आली की काय वाटते, ते आता नेमके कळले.

वसंताने शेवटी, आयुष्यात प्रथमच, माझ्या पत्रव्यवहारात रस दाखवला. "दादा, समितीकच विचार. तूं पत्र बरय, हांव रजिस्टर करतां. स्टॅंप म्हजे." मालिनीने मध्येच ताट आणून आपटले आणि दीराला सुनावले, "तो सोलर बसलो जाल्यार हे दीसभर खंय बसतले? म्हज्या चुलीमुखार?" वसंताने माहितीपत्रक घडी करून खिशात घातले. सोलर अजून दुकानात खोक्यात आहे, अँटेना अजून गच्चीवर आहे, आणि दोन्हींवरही धूळ बसते आहे.

म्हणून ह्या लेखाद्वारे मी मागणी करतो की, स्पर्धा समितीच्या निर्णयाधिकाऱ्यांनी पुढील प्रश्नाचे उत्तर जाहीरपणे द्यावे : त्या रविवारी माझ्या मुखातून बाहेर पडलेला 'व्हय' त्यांनी कोणास उद्देशून धरला, बडोद्याच्या बाईंस की सर्वणच्या देवास? बाईंस असल्यास माझी अँटेना कायम. देवास असल्यास मी त्याच दिवशी शिडी लावतो, असे येथे लेखी बांधून देतो. उत्तर तोंडी चालणार नाही. एका ओळीत तर मुळीच चालणार नाही. ते सकारण असावे, आणि समितीने ते टाळू नये!

समितीचे नाव संपूर्ण लेखात कुठेही आलेले नाही, असे वसंताने मसुदा वाचून माझ्या निदर्शनास आणून दिले. त्याचे म्हणणे खरे आहे. ते केवळ जागेअभावी राहून गेले.